पैसा परदेशातून, पाणी शहापूरचे, अटी कोणाच्या?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. याच टप्प्यावर सरळांबे येथे ३१ जुलै ते १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला होता. मृतांमध्ये बहुतेक परराज्यांतून पोटासाठी आलेले कामगार होते. उद्घाटनाच्या भाषणांत रस्त्यामुळे येणाऱ्या गुंतवणुकीची चर्चा झाली. त्या रात्रीची चर्चा फारशी झाली नाही.

गुंतवणूक येते आहे, हे खरे आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात आलेल्या थेट विदेशी भागभांडवलापैकी ३९ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता. हा आकडा दरवर्षी अभिमानाने सांगितला जातो. पण हा आकडा राज्याचा आहे. त्यातले शहापूरच्या पाड्यावर किती आले, मुरबाडच्या बौद्धवाड्यात किती पोचले, हे त्यातून कळत नाही. म्हणून आपल्या तरुणांनी हा प्रश्न तालुक्याच्या पातळीवर आणून विचारला पाहिजे. परदेशी पैसा चांगला की वाईट, या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पैसा येतो तेव्हा त्याच्या अटी कोण ठरवतो आणि ठरवताना गावातला भूमिहीन माणूस खोलीत असतो का, हा खरा प्रश्न आहे.

नाणेघाटापासून

या भागाला परदेशी व्यापार नवा नाही. मुरबाडहून जुन्नरला चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला मोठा व्यापारी मार्ग. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून आलेला माल याच वाटेने देशावर जात होता. घाट चढून गेल्यावर जुन्नरची लेणी लागतात. तिथल्या शिलालेखांत यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी दात्यांची नावे आहेत. त्यांतल्या एकाने भिक्खुसंघाला पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याचा नफा तेव्हाही होताच. पण नफ्यातला काही भाग वाटेवरच्या माणसांसाठी पाण्याच्या रूपाने मागे राहिला, एवढे तो दगड सांगतो. आता गेल्या ५० वर्षांत याच परिसरात आलेल्या परदेशी पैशाकडे पाहू. तो तीन लाटांत आला.

पहिली लाट: भातसा

मुंबईची वाढती तहान भागवण्यासाठी शहापूर तालुक्यात भातसा धरण झाले. त्याचे पाणी भिवंडी तालुक्यातील पिसे येथे उचलून, पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला नेण्याच्या योजनेला १९७३ पासून जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जाचा आधार मिळाला. कर्ज फेडले गेले, योजना यशस्वी झाली. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा मिळून साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मा. त्यात याच तालुक्यातल्या, १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा तलावाचे १,४५,०८० दशलक्ष लिटर मिळवले, तर मुंबईच्या साठ्यातले सुमारे ६० टक्के पाणी शहापूर तालुक्यातल्या दोन जलाशयांत असते.

आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. कालव्याखालच्या काही गावांना सिंचन मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण पिण्याच्या पाण्यासाठी शहापूरच्या लोकांना शेवटी नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणाकडे हात पसरावा लागला आणि तिथून पाणी आणण्याची वेगळी योजना करावी लागली.

हा निसर्गाचा दोष नाही. शहापूरला पाऊस भरपूर पडतो. दोष कराराचा आहे. कर्जदार महापालिका मुंबईची होती, योजना मुंबईची होती, परतफेड मुंबईच्या पाणीपट्टीतून व्हायची होती. ज्या तालुक्यात धरण आहे त्या तालुक्याच्या प्रत्येक वस्तीला आधी नळ, ही अट त्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी नव्हती. कारण ती मागणारा माणूस त्या टेबलावर नव्हता.

दुसरी लाट: घाटघर

दुसरी लाट जपानहून आली. १९८८ मध्ये जपानच्या ओईसीएफ या सरकारी संस्थेने घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाला कर्ज दिले. त्याचे वरचे धरण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात घाटघरला, तर खालचे धरण सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. मध्ये सुमारे ४०० मीटरचा कडा. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवायची, असे त्याचे काम. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण बांधण्याचे तंत्र भारतात पहिल्यांदा इथेच वापरले गेले.

तांत्रिकदृष्ट्या हा चांगला प्रकल्प आहे आणि शाश्वत विकासाच्या भाषेत तो सहज बसतो. धूर नाही, कोळसा नाही, पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते. पण तयार झालेली वीज ग्रीडमध्ये जाते. असे भूमिगत केंद्र एकदा बांधून झाले की चालवायला मोजकी प्रशिक्षित माणसे पुरतात. बांधकाम चालू असताना मजुरी मिळते, नंतर ती थांबते. म्हणजे प्रकल्प शाश्वत, रोजगार तात्पुरता. ‘शाश्वत’ हा शब्द यंत्राला लागू होतो आणि त्या खोऱ्यातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि बौद्ध कुटुंबांच्या उपजीविकेला होत नाही, तेव्हा विकासाचा अर्धाच हिशेब मांडला गेला असे समजावे.

तिसरी लाट: गोदामे

तिसरी लाट आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. भिवंडीपासून पडघा, वाशिंद, आसनगावपर्यंत मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांची रांग उभी राहिली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने लॉजिस्टिक क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. औद्योगिक पार्कमध्ये १०० टक्के विदेशी गुंतवणुकीला मुभा आहे. त्याच वर्षी कॅनडाच्या सार्वजनिक पेन्शन निधीने इंडोस्पेस या कंपनीबरोबर भारतातल्या गोदाम उद्योगात पैसा घातला. म्हणजे कॅनडातल्या निवृत्त माणसाच्या पेन्शनचा काही भाग भारतातल्या गोदामाच्या भाड्यातून येतो. समृद्धीचे टोक आमणे येथे आले आणि वाढवण बंदराचे काम पुढे सरकले, की ही रांग आणखी आत येईल.

पहिल्या दोन लाटांपेक्षा ही लाट एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. जागतिक बँक आणि जपानी संस्था सरकारला कर्ज देत होत्या. त्यांना स्वतःचे पुनर्वसनाचे नियम होते आणि तक्रारीची जागा होती. खासगी निधी जमीन दलालामार्फत थेट विकत घेतो. जनसुनावणी नाही, पुनर्वसन आराखडा नाही, ग्रामसभेत चर्चा नाही. जमीनमालकाशी खरेदीखत होते. त्या जमिनीवर २० वर्षे राबणाऱ्या मजुराशी कोणतेही खत होत नाही.

नोकरीचे काय? स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या, ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण शासनाच्या व्याख्येत ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला माणूस. तो शहापूरचा किंवा मुरबाडचा असावा, असे बंधन त्यात नाही. शिवाय गोदामातली बहुतेक कामे ठेकेदारामार्फत दिली जातात आणि खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मग बारावी झालेल्या आपल्या मुलाच्या वाट्याला खोकी उचलण्याची आणि रात्रपाळीच्या सिक्युरिटीची कामे येतात. ठेका बदलला की तीही जातात.

अटी लावता येतात

यावर कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या भांडवलापुढे गाव काय करणार? इतिहास सांगतो की अटी लावता येतात.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केले. रस्त्यांसाठी विस्थापित होणाऱ्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलने चौकशी केली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी रोखला. पुनर्वसनात सुधारणा करण्याचे मान्य झाल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू झाला. बुलेट ट्रेनसाठी जपानचे कर्ज आहे. २०१८ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांनी आपले म्हणणे थेट जपानच्या जायका या संस्थेपुढे मांडले आणि संस्थेच्या प्रतिनिधींना गावात यावे लागले.

आपल्या जवळचे उदाहरण मुरबाडच्या काळू धरणाचे. तिथे पैसा परदेशी नव्हता, गरज महानगराच्या पाण्याचीच होती. वनविभागाची परवानगी मिळण्याआधीच काम सुरू झाले. गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. या तिन्ही ठिकाणी लोकांकडे कागद होता, वेळेवर घेतलेली हरकत होती आणि ती कुठे मांडायची याची माहिती होती.

बाबासाहेबांनी कोणता विकास मागितला

आपल्यातले काही जण प्रत्येक प्रकल्पाला विरोध म्हणजेच आंबेडकरी भूमिका असे मानतात. ते बरोबर नाही. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच बाबासाहेबांनी मांडले होते की शेतीवर पोसली जाणारी जादा माणसे उद्योगात गेल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर, महानदी आणि सोन या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांना चालना दिली. वीज आणि पाण्यासाठी केंद्रीय तांत्रिक संस्था त्याच काळात उभ्या राहिल्या. गाव आहे तसे जपावे, असे त्यांना कधीच वाटले नाही.

पण १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली. मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि हे धोरण बदलत्या बहुमताच्या मर्जीवर न सोडता घटनेत लिहावे, अशी त्यांची मागणी होती. कारण ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, त्याचे करारस्वातंत्र्य नावापुरते असते, हे त्यांना ठाऊक होते. उद्योग हवा, पण मजुराला मालकाच्या मर्जीवर सोडणारा उद्योग नको. गोदामांच्या रांगेकडे बघताना ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवावी लागतील.

सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस

या सगळ्यात बौद्ध समाजाचा प्रश्न नेमका कुठे येतो? सातबाऱ्यावर. मोबदला, खरेदीखत, वारसाची नोकरी हे सगळे सातबाऱ्यावरून ठरते आणि आपल्यातली बहुसंख्य कुटुंबे तिथेच कमी पडतात.

पहिली गोष्ट महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. त्या भोगवटादार वर्ग २ मध्ये येतात. बिगरशेती वापरासाठी द्यायच्या तर परवानगी आणि नजराणा लागतो. अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे आहेत, वारसनोंदी झालेल्या नाहीत, हिस्से डझनावारी आहेत. दलालाला अशीच जमीन हवी असते. एका-दोघांकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचे, थोडी रक्कम हातावर ठेवायची आणि बाकीच्यांना वर्षांनंतर कळते की जमिनीभोवती कुंपण पडले आहे.

दुसरी गोष्ट गायरानाची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. ज्यांनी तेव्हा कागद पूर्ण केले नाहीत, त्यांची कसलेली जमीन आजही सरकारदरबारी मोकळी समजली जाते. प्रकल्पाला जागा शोधताना पहिली नजर अशाच जमिनीवर जाते.

तिसरी गोष्ट जमिनीच्या भावाची. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणाऱ्या दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत २०१८ च्या निर्णयानुसार जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाख रुपयांची मर्यादा आहे. महामार्गालगतच्या शहापूर-मुरबाडमध्ये या भावात जमीन शोधून पाहा. गुंतवणूक आली की जमिनीचा भाव वाढतो. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला ही संधी असते. ज्याला जमीन मिळायची होती त्याच्यासाठी तो दरवाजा बंद होतो. विदेशी गुंतवणुकीचा हा परिणाम कोणत्याही अहवालात येत नाही.

हिरवी लाट येण्याआधी

आता चौथी लाट दारात आहे. सौरऊर्जा वाढली तशी ती साठवण्याची गरज वाढली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने उदंचन प्रकल्पांचे धोरण जाहीर केले. उंच कडा, भरपूर पाऊस आणि जवळ मुंबईसारखा मोठा ग्राहक, यामुळे सह्याद्रीचा आपला पट्टा कंपन्यांना सोयीचा आहे. नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर जेएसडब्ल्यू एनर्जीचा १,५०० मेगावॉटचा भावली प्रकल्प प्रस्तावित आहे. म्हणजे घाटघरच्या सहापट. माळशेज परिसरातही अशा प्रकल्पांचे प्रस्ताव अनेक वर्षे कागदावर आहेत. कंपनी भारतीय असली तरी हरित ऊर्जेचा पैसा बऱ्याचदा परदेशी बाजारातून उभा राहतो. याच समूहाच्या जलविद्युत कंपनीने २०२१ मध्ये ७० कोटी ७० लाख डॉलरचे हरित रोखे परदेशी गुंतवणूकदारांना विकले. ते रोखे भावलीसाठी नव्हते, पण मार्ग हाच असतो. आणि हरित रोखे घेणाऱ्यांना प्रकल्प सामाजिकदृष्ट्याही निर्दोष असल्याचे दाखवावे लागते. आपली तक्रार त्यांच्यापर्यंत पोचणे त्यांना परवडत नाही. ही आपल्या हातातली जागा आहे.

म्हणून तालुक्यातल्या आपल्या मंडळांनी, महिला मंडळांनी आणि विद्यार्थी संघटनांनी पुढची कामे या वर्षीच हाती घ्यावीत.

एक, प्रत्येक वस्तीत कागदाचे शिबिर घ्या. वतन जमिनीचे फेरफार, वारसनोंदी, गायरानावरील ताब्याचे पुरावे, पीकपाहणी यांच्या नकला काढा. वनजमीन कसणाऱ्या बौद्ध कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करता येतो. त्यासाठी तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. तो गोळा करायला वेळ लागतो.

दोन, ग्रामसभेला जा. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशा क्षेत्रात संपादनाआधी ग्रामसभेची संमती लागते. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे, आपणही आहोत. आदिवासी आणि बौद्ध यांना वेगवेगळे बोलावून वेगवेगळी आश्वासने दिली जातात. कातकऱ्याचा आणि आपला प्रश्न एकच आहे, तो म्हणजे नावावर नसलेली जमीन. ठरावही एकत्रच व्हायला हवा.

तीन, भूमिहीनांची यादी आधी करा. याच कायद्यात तीन वर्षे त्या भागात राबणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर हेही ‘बाधित कुटुंब’ आहेत. त्यांना नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षे दरमहा किमान २,००० रुपये असे पर्याय आहेत. पण २०१८ मध्ये राज्याने केलेल्या दुरुस्तीनंतर काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम अभ्यासातून सूट मिळते. तो अभ्यास झाला नाही, तर मजुरांची नावे नोंदवणारे कोणी उरत नाही. ग्रामसभेने मंजूर केलेली यादी आपल्या हातात असेल तर ती नाकारणे अवघड जाते.

चार, पैसा मोजा. गोदामाची घरपट्टी ग्रामपंचायतीकडे येते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. घरपट्टी किती आली आणि १५ टक्के कुठे गेले, हे माहितीच्या अधिकारात दर वर्षी विचारा. कंपन्यांच्या सीएसआर निधीतही स्थानिक भागाला प्राधान्य देण्याची तरतूद आहे. त्यातून वस्तीला कमान नको, मुलांना विद्युत आणि यंत्रदुरुस्तीचे प्रशिक्षण मागा.

पाच, जनसुनावणीची सूचना लागली की पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागून घ्या, गावात वाचा आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या. मागणी नेमकी असू द्या: पाणी उचलण्याआधी परिसरातल्या प्रत्येक पाड्याला आणि वस्तीला नळ, चालू केंद्रात कायम नोकऱ्यांचा तालुकानिहाय वाटा, आणि विजेच्या उत्पन्नातून गावाला दर वर्षी ठरावीक हिस्सा.

भातसाच्या वेळी आपले आजोबा या गोष्टी मागू शकले नाहीत, कारण त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारण्याचे कायदेही तेव्हा नव्हते. आज कायदे आहेत, शिकलेली पिढी आहे, मोबाइलवर सातबारा उघडतो. भावली आणि माळशेजचे करार पूर्ण होण्याआधी बाधितांची यादी तयार झाली, तर हिशेब वेगळा होईल. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच. पुढच्या तारखेला विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अर्ज आधी द्यावा लागतो. तो अर्ज या आठवड्यात लिहा.